ऑफिसच्या नेटवर्कवर फाइल कॉपी व्हायला वेळ का लागतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्या ऑफिसात दहा-बारा वर्षं जुनी मशिनं आणि कालपरवा घेतलेले लॅपटॉप एकाच शेअर फोल्डरवर काम करतात, तिथल्या लोकांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. काहीही विकत घेण्याआधी मोजा, हा आमचा आग्रह आहे. कॉपीच्या वेगाचा आकडा नीट वाचला तर दोष केबलमध्ये आहे, स्विचमध्ये (मशिनांच्या केबली एकत्र येतात तो डबा), डिस्कमध्ये की विंडोजमध्ये, हे बऱ्याचदा तिथेच कळतं.

वेग नेमका कसा मोजायचा?

एक ते दोन जीबीची एकच फाइल घ्या. व्हिडिओ किंवा झिप चालेल, फोल्डर नको. ती सर्व्हरवरून आपल्या मशिनवर आणा, मग नाव बदलून परत सर्व्हरवर टाका. दोन्ही दिशांचे आकडे वेगवेगळे लिहून ठेवा. तीच फाइल लगेच पुन्हा आणली तर ती सर्व्हरच्या मेमरीतून येते आणि डिस्कची परीक्षा होतच नाही, म्हणून दुसऱ्या खेपेला दुसरी फाइल वापरा. चाचणी एकदा ऐन कामाच्या वेळी घ्या आणि एकदा सगळे गेल्यावर. या दोन आकड्यांत मोठा फरक असेल तर वाटेतला एखादा दुवा सगळ्यांत वाटला जातोय. फरक नसेल तर दोष बहुधा त्या एका मशिनचा किंवा त्याच्या केबलचा आहे.

लिंक १०० एमबीपीएस दिसते, पण कॉपी ११ एमबीनेच होते. बाकीचा वेग कुठे जातो?

कुठेही जात नाही. लिंकचा, म्हणजे केबलवरच्या जोडणीचा, वेग बिटमध्ये सांगतात आणि कॉपीची खिडकी बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे १०० मेगाबिटचे झाले १२.५ मेगाबाइट. त्यातून पॅकेटांचा (डेटा ज्या तुकड्यांत जातो त्यांचा) वरखर्च वजा जाता हातात ११ ते ११.८ उरतात. गीगाबिटवर याच हिशेबाने सेकंदाला ११० ते ११८ एमबी मिळतात, आणि जुन्या १० मेगाबिटच्या लिंकवर जेमतेम १.१. एक जीबीच्या फाइलला गीगाबिटवर नऊ-दहा सेकंद लागतात, १०० वर दीड मिनिट आणि १० वर पाव तास.

नुसता आकडा पाहून दोष ओळखता येतो का?

बऱ्याच वेळा येतो. आकडा ११ च्या आसपास जाऊन तिथेच सरळ रेषेत थांबत असेल तर वाटेत कुठेतरी १०० ची लिंक आहे. अशा वेळी डिस्क, अँटिव्हायरस, विंडोज यांना हात लावू नका, आधी ती लिंक शोधा.

आकडा ३० ते ४० वर स्थिर असेल तर यूएसबी २.० चं काहीतरी मध्ये आहे: बाहेरची डिस्क किंवा यूएसबीवर लावलेलं लॅन कार्ड. यूएसबी २.० चा कागदावरचा वेग ४८० मेगाबिट असला तरी प्रत्यक्षात यापलीकडे फारसं मिळत नाही. जुन्या, कमी ताकदीच्या नॅसवरही (नेटवर्कवर फाइली साठवणारा डबा) साधारण असाच आकडा दिसतो.

आकडा एक-दोन एमबीवर लटपटत असेल, मध्येच शून्यावर जाऊन परत येत असेल, तर डुप्लेक्सचा घोळ (त्याबद्दल पुढे), खराब केबल किंवा कमकुवत वायफाय. आलेख करवतीच्या दात्यांसारखा वरखाली होत असेल तर डिस्क पाहा.

एक जुना कॉम्प्युटर सगळं नेटवर्क हळू करतो का?

स्विच असेल तर नाही. स्विचच्या प्रत्येक पोर्टचा वेग स्वतंत्र ठरतो. १०० चं कार्ड असलेलं मशिन १०० ने बोलेल आणि शेजारची दोन नवी मशिनं आपापसात गीगाबिटनेच बोलतील. ‘जुनी मशिनं काढा, सगळं सुधारेल’ हा सल्ला म्हणूनच सरसकट खरा नाही.

अपवाद मात्र आहेत. पहिला हब. टेबलाखाली धूळ खात पडलेला तो चार किंवा आठ पोर्टचा डबा स्विचसारखाच दिसतो, पण त्यावर एका वेळी एकच मशिन बोलू शकतं आणि सगळ्यांना मिळून एकच १० किंवा १०० मेगाबिट मिळतात. डब्यावर ‘हब’ छापलेलं असेल किंवा ‘कोलिजन’ (टक्कर) नावाचा दिवा असेल तर तो बदला. दुसरा अपवाद वायफाय, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. तिसरा अपवाद म्हणजे ते जुनं मशिन स्वतःच सर्व्हर असणं. मग अर्थातच सगळेच त्याच्या गतीने चालतात.

मशिनही गीगाबिट, स्विचही गीगाबिट. तरी लिंक १०० च का दिसते?

मिश्र वयाच्या ऑफिसात हा दोष आम्हाला सगळ्यांत जास्त दिसतो, आणि तो दुरुस्त करणं सगळ्यांत सोपं आहे.

१०० मेगाबिटला केबलमधल्या दोनच जोड्या लागतात: पिन १, २, ३ आणि ६. गीगाबिटला चारही जोड्या, म्हणजे आठही तारा लागतात. ४, ५, ७, ८ यांपैकी एक तार जरी तुटली किंवा नीट दाबली गेली नसली तरी बहुतेक कार्डं गीगाबिटचा प्रयत्न फसल्यावर गुपचूप १०० वर उतरतात. इंटरनेट चालतं, मेल येतात, कोणाला शंकाही येत नाही. काही कार्डं उतरत नाहीत, लिंक जोडत-तोडत राहतात.

आधी लिंकचा खरा वेग पाहा. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून ‘एनसीपीए डॉट सीपीएल’ (ncpa.cpl) चालवा, इथरनेटवर दोनदा क्लिक करा आणि ‘स्पीड’ची ओळ वाचा. ‘१.० जीबीपीएस’ हवं. ‘१००.० एमबीपीएस’ असेल तर मशिनमागची पॅच कॉर्ड, म्हणजे भिंतीतल्या जॅकपर्यंतची छोटी केबल, बदलून बघा. नाही सुधारलं तर स्विचकडची पॅच कॉर्ड, मग स्विचचा पोर्ट, मग भिंतीतला जॅक. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर दोष कशात होता ते कळणार नाही.

काढलेल्या केबलचं आरजे-४५ टोक उजेडात धरून नीट पाहा. आठ सोनेरी पट्ट्या एका पातळीत बसलेल्या हव्यात. एखादी किंचित वर राहिलेली असेल तर ती तारेत रुतलेली नाही. पारदर्शक प्लास्टिकमधून आठही तारांची टोकं समोरच्या भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत. केबलचं बाहेरचं आवरण मागच्या पाचरीखाली दाबलेलं हवं. ते बाहेर राहिलं असेल आणि रंगीत तारा उघड्या दिसत असतील तर खुर्ची सरकली की तारांना ओढ बसते. असं टोक कापून नवं लावा, पुन्हा दाबून वाचवायच्या भानगडीत पडू नका.

दोन गोष्टी हमखास नजरेतून सुटतात. एक म्हणजे टेबलावरचा आयपी फोन. भिंतीतून केबल फोनला आणि फोनमधून कॉम्प्युटरला अशी जोडणी असेल तर फोनचा तो पोर्ट अनेक जुन्या मॉडेलांत १० किंवा १०० चाच असतो. दुसरी म्हणजे एकाच केबलच्या चार जोड्यांतून दोन मशिनं चालवलेली असणं. १०० च्या काळात ही काटकसर चालून जायची, गीगाबिट मात्र त्या केबलवर कधीच मिळणार नाही.

टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागतात. केबल चांगलीच असणार ना?

साधा टेस्टर फक्त या टोकाची तार त्या टोकाला पोचते का एवढंच सांगतो. कोणती तार कोणाशी पिळलेली आहे, हे त्याला कळत नाही. कोणी तारा मनाने १-२, ३-४, ५-६, ७-८ अशा जोड्यांनी लावल्या आणि दोन्ही टोकांना क्रम तोच ठेवला, तर टेस्टर खूश होतो. पण पिन ३ आणि ६ वेगवेगळ्या जोड्यांत गेल्यामुळे एका जोडीचा सिग्नल दुसरीत झिरपतो. छोटी केबल तशीच चालून जाते, लांब केबलवर चुका वाढतात आणि वेग कोसळतो.

बरोबर क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम ठेवा. तारांचा पीळ टोकाशी १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका.

लांबीची मर्यादा १०० मीटर आहे: भिंतीतली ९० आणि दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड मिळून १०. कॅट-५ई केबल गीगाबिटला पुरते, त्यासाठी कॅट-६ ची गरज नाही. मात्र तार तांब्याचीच हवी. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते. तिचा विद्युत रोध जास्त असतो, आणि वाकवली की आतल्या आत तुटते. तारेवरून ब्लेड फिरवा. आतून चंदेरी निघाली तर ती केबल भिंतीत घालू नका.

डुप्लेक्सचा घोळ म्हणजे काय?

फुल डुप्लेक्स म्हणजे एकाच वेळी बोलणं आणि ऐकणं, हाफ डुप्लेक्स म्हणजे आळीपाळीने. कधीकाळी कोणीतरी एका मशिनचं कार्ड ‘१०० फुल डुप्लेक्स’वर पक्कं करून ठेवलेलं असतं. समोरचा स्विच ‘ऑटो’वर असतो. पक्क्या केलेल्या बाजूने वाटाघाटीचा सिग्नलच येत नाही. स्विचला वेग ओळखता येतो, डुप्लेक्स ओळखता येत नाही, आणि नियमाप्रमाणे तो हाफ डुप्लेक्स धरतो. आता एक बाजू बोलता-ऐकता दोन्ही करते आणि दुसरी समजते की टक्कर झाली. पॅकेटं फुकट जातात.

याची खूण अशी की पिंग (समोरचं मशिन उत्तर देतं का ही छोटी चाचणी) व्यवस्थित चालतो, वेबपेजं उघडतात, पण मोठी फाइल टाकली की वेग एक-दोन एमबीवर किंवा त्याही खाली येतो. लोड जितका जास्त तितकी अवस्था वाईट. मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग पाहता-बदलता येणारा, स्विच असेल तर त्याच्या पोर्टवर ‘लेट कोलिजन’चे आकडे वाढताना दिसतील आणि फुल असलेल्या बाजूला सीआरसीच्या चुका, म्हणजे बिघडून पोचलेली पॅकेटं.

उपाय: डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या ‘अॅडव्हान्स्ड’ टॅबमध्ये ‘स्पीड अँड डुप्लेक्स’ला ‘ऑटो निगोशिएशन’ करा. दोन्ही बाजूंना ऑटो, कायम. तांब्याच्या केबलवरच्या गीगाबिटला तर ऑटो सक्तीचंच आहे.

नेटवर्क हळू आहे की डिस्क, हे वेगळं कसं काढायचं?

आयपर्फ-३ (iperf3) वापरा. हे फुकट मिळणारं छोटं साधन मेमरीतून मेमरीत डेटा पाठवतं, डिस्कला स्पर्शच करत नाही. एका मशिनवर ते सर्व्हर म्हणून चालवा, दुसऱ्यावर क्लायंट म्हणून, आणि फायरवॉलमध्ये ५२०१ हा पोर्ट तेवढ्यापुरता मोकळा करा. उलट दिशेची चाचणीही घ्या, कारण खराब केबल कधीकधी एकाच दिशेला त्रास देते.

निरोगी गीगाबिटवर ९४० मेगाबिटच्या आसपास आकडा येतो, १०० वर ९४ च्या आसपास. आयपर्फ ९४० दाखवतोय आणि कॉपी मात्र २५ एमबीने होतेय, तर केबल आणि स्विच दोषमुक्त. आता टास्क मॅनेजर उघडा आणि कॉपी चालू असताना दोन्ही मशिनांवर डिस्क आणि सीपीयू पाहा. जी गोष्ट १०० टक्क्यांना टेकलेली आहे, तीच अडचण.

सुरुवातीला ११० एमबी दिसतात आणि मग वेग ३० वर उतरतो. असं का?

पहिले काही शे एमबी समोरच्या मशिनच्या मेमरीत जमा होतात, तोवर आकडा सुंदर दिसतो. मेमरीतली जागा भरली की डिस्कचा खरा वेग उघडा पडतो. जुन्या लॅपटॉपमधल्या, मिनिटाला ५४०० फेऱ्यांच्या डिस्कवर मोठी फाइल सलग लिहितानाही साधारण ६० ते १०० एमबीच मिळतात, आणि त्याच वेळी दुसरं कोणी वाचत असेल तर त्याहून बरेच कमी. स्वस्त एसएसडीतही जलद लिहायचा भाग छोटा असतो आणि तो भरला की वेग पडतो. एसएमआर पद्धतीच्या (डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर चढवून लिहिणाऱ्या) हार्ड डिस्क सलग लिहिताना विशेष दमतात. सर्व्हर किंवा नॅससाठी डिस्क घेताना ती सीएमआर (पट्ट्या वेगळ्या ठेवणारी) आहे का हे विचारून घ्या.

सर्व्हरवरून फाइल झटकन येते, पण सर्व्हरवर टाकताना रखडते.

तोच सर्व्हर डोमेन कंट्रोलर, म्हणजे ऑफिसातली सगळी लॉगिन सांभाळणारा, आहे का पाहा. त्या लॉगिनांचा, म्हणजे अॅक्टिव्ह डिरेक्टरीचा, डेटाबेस ज्या डिस्कवर असतो, तिची राइट कॅश (लिहायचा डेटा आधी मेमरीत धरण्याची सोय) विंडोज स्वतःच बंद ठेवतं, वीज गेली तर डेटाबेस बिघडू नये म्हणून. साध्या हार्ड डिस्कवर याचा फटका जोरात बसतो. शेअर फोल्डर वेगळ्या डिस्कवर हलवा. अनेक डिस्क एकत्र चालवणारं रेड (RAID) कार्ड असेल तर त्याची बॅटरी संपली आहे का तेही बघा. बॅटरी गेली की बरीच कार्डं आपोआप सावध पद्धतीने, म्हणजे हळू, लिहू लागतात.

मोठी फाइल पटकन जाते, पण हजारो छोट्या फाइलींचा फोल्डर तासभर घेतो.

इथे दोष शोधू नका, कामाची पद्धत बदला. प्रत्येक फाइलसाठी ती तयार करणं, हक्क तपासणं, लिहिणं, तारीख लावणं, बंद करणं अशा अनेक फेऱ्या मशिन आणि सर्व्हर यांच्यात होतात. चार केबीच्या फाइलीत प्रत्यक्ष डेटा पाठवायला लागणारा वेळ नगण्य, सगळा वेळ फेऱ्यांत जातो. त्यात दोन्हीकडचे अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडून पाहतात.

फोल्डरची झिप करून एक फाइल पाठवा. नेहमीचं काम असेल तर विंडोजमधलं रोबोकॉपी ‘एमटी’ (/MT) पर्यायासह वापरा. तो एकाच वेळी अनेक फाइली पाठवतो, न सांगता ८ आणि सांगितल्यास १२८ पर्यंत. जुन्या हार्ड डिस्कवर ८ ते १६ च्या वर जाऊ नका, डिस्कचं डोकं इकडेतिकडे धावण्यातच वेळ जाईल. ‘झेड’ (/Z) हा पर्याय तुटलेली कॉपी पुढे चालू करायला चांगला, पण तो वेग कमी करतो. धड नेटवर्कवर तो नको.

अँटिव्हायरस बंद करून पाहू का?

पाच मिनिटांच्या चाचणीपुरता, आणि फक्त एका मशिनवर. फरक पडला तरी तो बंद ठेवू नका. नेटवर्क ड्राइव्हवरच्या फाइली दोन्ही बाजूंनी तपासल्या जात असतील तर क्लायंटकडची नेटवर्क-तपासणी कमी करता येते, सर्व्हरवरची मात्र चालूच हवी.

एका मशिनवर अजून विंडोज एक्सपी आहे. त्याच्यासाठी एसएमबी १ चालू करावं का?

नवीन मशिनांवर नको. एसएमबी म्हणजे विंडोज फाइल शेअर करताना बोलतं ती भाषा. एक्सपी आणि सर्व्हर २००३ यांना तिची पहिली आवृत्तीच येते. ती मुळात बडबडी: छोटे तुकडे, प्रत्येक तुकड्याला उत्तराची वाट. विस्टापासून आवृत्ती २ आली, विंडोज ७ मध्ये २.१, विंडोज ८ मध्ये ३.०, आणि विंडोज १० व ११ मध्ये ३.१.१.

वेगापेक्षा धोका मोठा आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो एसएमबी १ मधल्याच छिद्रातून. त्याच वर्षीच्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये एसएमबी १ चा सर्व्हर भाग आपोआप येत नाही. एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्ये संपला, विंडोज ७ चा जानेवारी २०२० मध्ये आणि विंडोज १० चा ऑक्टोबर २०२५ मध्ये. एखाद्या यंत्राला जोडलेलं एक्सपी काढताच येत नसेल तर त्याला वेगळ्या व्हीलॅनमध्ये (स्विचवर वेगळ्या केलेल्या नेटवर्कमध्ये) ठेवा, इंटरनेट तोडा, आणि फाइलींची ने-आण एसएफटीपीने (फाइली सुरक्षितपणे पाठवायची वेगळी पद्धत) करा.

आपलं मशिन कोणत्या आवृत्तीने जोडलं आहे हे पाहायला शेअर उघडा ठेवून, पॉवरशेल अॅडमिन म्हणून चालवा आणि ‘गेट-एसएमबीकनेक्शन’ (Get-SmbConnection) ही आज्ञा द्या. ‘डायलेक्ट’च्या रकान्यात ३ ने सुरू होणारा आकडा हवा. सगळी मशिनं नवीन असूनही १ किंवा २ दिसत असेल तर नॅसच्या सेटिंगमध्ये कमाल आवृत्ती कमी ठेवलेली असते. ती वाढवा.

विंडोज ११ वर गेल्यापासून जुना नॅस हळू झाला, किंवा उघडतच नाही.

२४एच२ आवृत्तीपासून प्रो आणि एंटरप्राइझमध्ये एसएमबी सायनिंग सक्तीचं आहे, म्हणजे प्रत्येक पॅकेटवर सही. जुन्या नॅसच्या प्रोसेसरला हे झेपत नाही आणि वेग उतरतो. पासवर्डशिवायचा गेस्ट प्रवेशही आता चालत नाही. आधी नॅसचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा आणि प्रत्येकाला नाव-पासवर्ड द्या. सायनिंग बंद करायचा मोह टाळा, तो नॅस बदलण्याची वेळ आली आहे असं समजा.

वायफायवर ३०० एमबीपीएस दिसतात, कॉपी मात्र १० एमबीनेही होत नाही.

वायफायवर एका वेळी एकच उपकरण बोलतं, म्हणून दिसणाऱ्या आकड्याच्या निम्मे मिळाले तरी चांगलं समजा. जुनं, दूर बसलेलं उपकरण तीच फाइल पाठवायला हवेतला जास्त वेळ घेतं आणि तेवढा वेळ बाकीचे थांबतात. इथे एक जुना लॅपटॉप खरोखरच सगळ्यांना मागे ओढतो. राउटरवर सुरक्षा जुन्या ‘टीकेआयपी’ पद्धतीवर असेल तर वेग ५४ मेगाबिटवरच अडकतो, ती ‘एईएस’वर न्या. २.४ गीगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ यांपैकीच चॅनल आणि २० मेगाहर्ट्झ रुंदी ठेवा. नवीन लॅपटॉप ५ गीगाहर्ट्झवर हलवा. सर्व्हर, नॅस आणि रोज मोठ्या फाइली हाताळणारी मशिनं मात्र केबलवरच हवीत.

इंटरनेटचा प्लॅन वाढवला तर ऑफिसातली कॉपी जलद होईल का?

नाही. दोन मशिनांमधली कॉपी इंटरनेटवर जातच नाही. पण इंटरनेटवाल्याने दिलेला राउटरच स्विच म्हणून वापरत असाल तर त्याचे लॅन पोर्ट १०० चे आहेत का पाहा. तिथे आठ पोर्टचा गीगाबिट स्विच लावला की काम होतं.

सकाळी ठीक असतं, अकरानंतर सगळेच रखडतात.

दोन स्विचना जोडणारी केबल तपासा. मागच्या खोलीतले दहा जण एका स्विचवर आहेत आणि तो मुख्य स्विचला १०० च्या लिंकने जोडला आहे, असं असेल तर १२.५ एमबी दहा जणांत वाटले जातात. जुन्या २४ पोर्टच्या स्विचमध्ये बहुधा शेवटचे दोन पोर्ट गीगाबिटचे असतात आणि जोडणी भलत्याच पोर्टमध्ये केलेली असते. सर्व्हरची जोडणी आणि दोन स्विचमधली जोडणी त्या गीगाबिट पोर्टवर आणा. स्विचला स्विच, त्याला आणखी स्विच अशी साखळी करण्यापेक्षा प्रत्येक स्विच थेट मुख्य स्विचला जोडा.

आणि सगळं नेटवर्कच अचानक ठप्प होऊन स्विचचे सगळे दिवे एका तालात लुकलुकत असतील तर तो लूप आहे: कोणीतरी मोकळी दिसलेली पॅच कॉर्ड दोन्ही टोकांनी स्विचमध्ये खोचली आहे. एकेक केबल काढत जा. जी काढल्यावर दिवे शांत होतील, ती दोषी.

कॉपी ठीक होते, पण फोल्डर उघडायलाच अर्धा मिनिट लागतो.

हा वेगाचा प्रश्न नाही, नाव शोधण्याचा आहे. सर्व्हरच्या नावाऐवजी आयपी पत्ता टाकून उघडा. लगेच उघडलं तर डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) तपासा. तरीही अडलं तर बंद पडलेल्या सर्व्हरकडे बोट दाखवणारे जुने मॅप केलेले ड्राइव्ह आणि शॉर्टकट काढून टाका. फोल्डरमध्ये शेकडो फोटो असतील तर थंबनेल बंद करून ‘डिटेल्स’ दृश्य ठेवा.

जंबो फ्रेम, टीसीपी ऑटो-ट्युनिंग वगैरे बदलून फायदा होतो का?

मिश्र वयाच्या नेटवर्कवर जंबो फ्रेमला, म्हणजे नेहमीपेक्षा मोठ्या पॅकेटांना, हात लावू नका. ९००० बाइटची फ्रेम वाटेतल्या प्रत्येक कार्डाला आणि स्विचला झेपली पाहिजे. १०० च्या जुन्या उपकरणांना ती बहुधा झेपत नाही, आणि मग छोट्या फाइली जातात, मोठ्या लटकतात. फायदा थोडा, मनस्ताप मोठा.

ऑटो-ट्युनिंग म्हणजे उत्तराची वाट न पाहता किती डेटा पाठवायचा हे विंडोजने स्वतः ठरवणं. ते बंद करा असं जुन्या सल्ल्यांत सापडतं. ते ऐकून कोणी बंद केलं असेल तर परत ‘नॉर्मल’ करा. बंद असताना एका वेळी ६४ केबीच वाटेवर राहू शकतात. जाऊन-येऊन एका फेरीला २ मिलिसेकंद लागणाऱ्या वायफायवर याचा अर्थ सेकंदाला ३२ एमबीची कायमची मर्यादा.

थोडाच खर्च करता येत असेल तर आधी काय बदलावं?

आधी संशयास्पद पॅच कॉर्ड आणि टोकं. मग मुख्य स्विच गीगाबिटचा, मग सर्व्हरची डिस्क. जुन्या मशिनांची १०० ची कार्डं सगळ्यांत शेवटी, कारण त्यांचा त्रास त्या एकाच टेबलापुरता असतो. त्या मशिनवर वर्ड-एक्सेलच्या फाइलीच उघडत असतील तर ११ एमबी पुरेसे आहेत, कार्ड बदलूच नका. एखादं कार्ड बदलायचंच ठरलं तर मशिनमध्ये पीसीआय एक्सप्रेसचा खाचा आहे का पाहून घ्या. जुन्या पीसीआयची सगळ्या कार्डांना मिळून मर्यादा सेकंदाला १३३ एमबी, त्यामुळे गीगाबिट कार्ड लावलं तरी पूर्ण वेग मिळत नाही.